बिनबाळंतपणाची बाज

माझ्या सुनेच्या मोबाइलमध्ये एक बाई आहे. ती रोज सांगते, स्वतःचे लाड करा. टबात गुलाबाच्या पाकळ्या टाका, मेणबत्त्या लावा, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून पडून राहा. मी एकदा ऐकलं आणि सुनेला विचारलं, "डोळ्यावरची काकडी मंग कोशिंबिरीत टाकतात का फेकतात?"

सून म्हणाली, "आत्याबाई, तुमाले नाई समजत ते."

खरंच नाही समजत. मी चौथी शिकले. वडनेरच्या आमच्या घरात टब एकच आहे आणि त्यात म्हैस पाणी पिते.

आमच्या वेळी बाईचे लाड फक्त बाळंतपणात व्हायचे. सव्वा महिना. बाजेवर निजायचं. बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा. कोणीतरी रोज तेल लावून अंग रगडायचं, कढत पाणी ओतायचं, तव्यावरची भाकर हातात आणून द्यायचं. सव्वा महिना संपला की पुन्हा शेण, पाणी, वावर. मला चार लेकरं. चौथ्या वेळी लेकरू नको होतं, पण बाज पाहिजे होती. हे सांगितलं की लोक हसतात. मी काही विनोद करत नसते.

सून बसमध्ये कंडक्टर आहे. पहाटे नांदुऱ्याला जाते आणि दिवसभर उभी असते. मेहकरकडची गाडी असली की घाटात एक हात दांडीला आणि दुसऱ्या हातात तिकिटाची मशीन. मागच्या हिवाळ्यात तिची कंबर धरली. घरी आली की चप्पल काढायलाही भिंत धरायची. एक दिवस जेवता जेवता म्हणाली, "मी नोकरी सोडून देते. अर्ज लिहून ठेवला."

माझा मुलगा म्हणाला, "सोड."

त्याचं काय जातं? सोड म्हणायला जीभ हलवावी लागते, कंबर नाही. ही नोकरी लागावी म्हणून तिनं मांडीवर पोर घेऊन अभ्यास केला होता, तो मी पाहिला आहे. शिवाय मला माझंही पाहायचं होतं. ती दिवसभर घरात राहिली असती तर एका चुलीपुढं आम्ही दोघी. महिन्याभरात दोघींतली एक माहेरी गेली असती, आणि माझं माहेर आता उरलेलं नाही. तेव्हा तिची कंबर नीट करणं हे माझ्याच फायद्याचं काम होतं.

तिची सुट्टी बुधवारी असते. सुट्टी म्हणजे आठवड्याचे कपडे, दळण आणि पोरांची डोकी विंचरणं. त्या बुधवारी मी कपड्यांची बादली उचलून मुलाच्या पुढ्यात ठेवली. माळ्यावरून बाज काढली, घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या, तिळाचं तेल गरम केलं.

"हे काय करून राह्यल्या?" सून म्हणाली.

"लाड. निज."

"मी काय बाळंतीण हाव?"

"नाई. म्हणून सव्वा महिना नाई, सव्वा घंटा भेटन. निज म्हनलं तं!"

निजली. कंबरेवर अंगठा दाबला तशी ओरडली. मी म्हटलं, ओरड, ओरडायला मनाई नाही. ओवा टाकला, धूर झाला, कढत पाण्यानं अंघोळ घातली. मग माझ्या हातांनी जुन्या सवयीनं तिच्या डोक्याला आणि कानाला सुती फडकं बांधलं. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून बांधतात, तसं. बांधून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, पण ती झोपून गेली होती. मी राहू दिलं.

तेवढ्यात शेजारीण आली. एका हातात खोबऱ्याची वाटी, दुसऱ्या हातात गूळ, आणि काखेत नातवाचं जुनं झबलं.

"काय वं, सांगतलं बी नाई! गल्लीच्या टोकापर्यंत ओव्याचा वास येऊन राह्यला. पोरगं झालं का पोरगी?"

"कंडक्टर," मी म्हटलं.

तिनं आत डोकावून पाहिलं. बाज, निखारे, डोक्याला फडकं. मग डोळे पुसले. "पोट दिसलंच नाई माय. त्या खाकी कपड्यात काय समजते!"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकलंही. पण आमच्या गल्लीत खरी गोष्ट पायी जाते आणि खोटी गोष्ट फटफटीवर. ओल्या बाळंतिणीची बातमी फाट्यापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी सून ड्युटीवर दिसली, तेव्हा लोकांनी बातमी दुरुस्त करून घेतली, की बाळंत झाली नाही, आता दिवस गेले असतील.

संध्याकाळी ती घरी आली ती तापलेलीच. "गाडीभर लोक माह्या पोटाकडं पाह्यतात! एक म्हातारा उठून म्हनते, बाई तू बस, तिकिटाचे पैसे आमी पुढं सरकवतो. डायवरनं तं गतिरोधकावर गाडी अशी नेली, जशी आत अंडेच भरले हायत! माही काय इज्जत राह्यली?"

"मंग बसली का नाई?"

"बसली," ती म्हणाली. मग तिला आणखी राग आला. "पुढच्या बुधवारी मले हात लावू नका. अन् अर्ज मी देऊन टाकते."

अर्ज पर्समध्ये घातलेला मी पाहिला. बुधवारपर्यंत तो पर्समध्येच होता, आणि मी विषय काढला नाही. मला मनधरणी करता येत नाही. केली तर ती भांडणासारखी ऐकू येते.

पुढच्या बुधवारी मी निखारे केले आणि अंगणात जाऊन लसूण सोलत बसले. तिला यायचं तर येईल. बऱ्याच वेळानं आतून बाज करकरली. मी गेले तर ती पालथी निजलेली.

मी कंबरेला तेल लावायला लागले, तशी ती म्हणाली, "आज ओवा काऊन नाई टाकला?"

"गाव बारसं मांगन म्हणून."

"टाका. मांगू द्या."

मी मूठभर टाकला. शेजारीण वासावर आलीच. या वेळी झबलं नव्हतं. दारातूनच म्हणाली, "तिचं झाल्यावर मले बी निजू देजो वं. गुडघे लय दुखतात."

सून डोकं न उचलता म्हणाली, "मांगं सरका. जागा झाली का सांगते."

तिची कंबर काही पहिल्यासारखी झाली नाही. मेहकरची गाडी केली की अजून धरते. पण चप्पल काढायला भिंत लागत नाही. महिन्याभरानं मुलानं जेवताना विचारलं, "अर्जाचं काय झालं तुह्या?"

"फाडला."

"काऊन?"

तिनं माझ्याकडं बोट दाखवलं. "मी घरी राह्यली तं ह्या मले रोज रगडतीन."

"रगडलंच असतं," मी म्हटलं आणि तिला भाकर वाढली.