मंजुषाताईंनी नकाशात खोदलेली विहीर

मंजुषाताईंसारखी हट्टी बाई पांढरकवड्यात दुसरी नव्हती. कॉलेजात भूगोल शिकवायच्या, आणि कुणी 'जरा अ‍ॅडजस्ट करा ना मॅडम' म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. घराणंच तसं. वडील अनंतराव जमीनमोजणीच्या कामावर होते. हद्दीचा दगड हातभर सरकवा म्हणून लोक त्यांच्या पाया पडायचे, रडायचे. अनंतराव त्या घरचा चहासुद्धा न घेता निघून यायचे. लेकीनं तेवढा एक गुण पुरेपूर उचलला होता.

रविवारी दुपारी आम्ही तिघं त्यांच्या ओसरीत जमायचो. मी साकेत, स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान. केळापूरकडच्या तांड्यावरचा इंद्रजीत. आणि त्याची धाकटी बहीण रंजिता, ताईंची विद्यार्थिनी. ताईंना पुण्यात शिकताना एका खेळाचं वेड लागलं होतं, ते त्यांनी आम्हाला लावलं. एकानं जग सांभाळायचं, बाकीच्यांनी त्यात कुणीतरी होऊन फिरायचं. सामान काय, तर कागद, पेन्सिल आणि फासे. गल्लीला वाटायचं शिकवणी चालते. माझी आई मात्र म्हणायची, एवढा घोडा झालास अन् फासे खेळत बसतोस.

खेळाचा जीव होता नकाशा. मोठ्या कागदावर मधमाशीच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं आखलेली, एक घर म्हणजे एका दिवसाची चाल. डोंगर, गावं, पाणवठे, दरोडेखोरांचे अड्डे, सगळं ताईंनी आधीच शाईनं काढून ठेवलेलं. तो कागद ताई एका पुठ्ठ्याच्या आड ठेवायच्या, आम्हाला दिसू द्यायच्या नाहीत. गोष्ट मात्र आधी ठरलेली नसायची. कुठं जायचं ते आम्ही सांगायचं, तिथं काय आहे ते त्यांनी सांगायचं. नियम एकच, शाईनं काढलेलं बदलायचं नाही. कुणी मरू दे की तरू दे. माझा सरदार या नियमापायी तीनदा मेला. एकदा मी रागानं फासे अंगणात भिरकावले, तर बाई म्हणतात, "वेचून आण."

आमच्या बाजूचा नकाशा इंद्रजीत काढायचा, ताईंचं बोलणं ऐकून ऐकून. त्याचे पूर्वज लमाण, बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणारे. आजोबांनी त्याला जुने मुक्काम आणि पाणवठे तोंडपाठ करून दिले होते. मला तलवार हवी होती, रंजिताला जादू. त्यानं मागितले बारा बैल.

"मले मीठ न्यायचं हाये," तो म्हणाला, "त्या दक्षिणेच्या पठारापल्याड."

"पठार कोरडं आहे," ताई म्हणाल्या. "तिथं कुणी राहत नाही. बैल तीन दिवस तहान सोसतील, चौथ्या दिवशी पडायला लागतील."

"जातो न ताई. कोनी गेलं नाही म्हून तं जातो."

पठारावरचे त्याचे दोन दिवस खेळून झाले आणि आमचा खेळ थांबला. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. अळी हटत नव्हती आणि जो तो फवारणीला माणूस शोधत होता. इंद्रजीत दुसऱ्यांच्या वावरात रोजानं फवारायला जायचा. एवढ्या उंच कपाशीत पंपाची नळी वर धरावी लागते आणि सगळा फवारा तोंडावर येतो. आठ दिवस त्यानं तसं काम केलं. नवव्या दिवशी तो बांधावर पडला.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा त्याच्यासारख्यांचा सबंध वॉर्ड भरलेला होता. त्याला दिसत नव्हतं. डोळ्यांपुढं नुसतं पांढरं दिसते, म्हणाला. दोन शब्दांमागं एकदा दम लागत होता. त्याची आई रामीबाई पायाशी बसून त्याची पावलं चोळत होती. डॉक्टरांनी ताईंना बाहेर बोलावलं. त्या परत आल्या आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "फुप्फुसं साथ देत नाहीत. दोन-तीन दिवस म्हणाले. त्याला काही सांगायचं नाही." मी मान हलवली. मी भित्रा माणूस आहे, मला तर बरंच वाटलं.

"आज इतवार ना?" खाटेवरून आवाज आला. "पेपर आनला का, ताई?"

ताईंनी आणला होता. त्यांनी गुंडाळी उलगडून मांडीवर पसरली. पुठ्ठ्याची आज गरजच नव्हती. मी मागं उभा होतो, तो नकाशा मला आयुष्यात पहिल्यांदा दिसला.

"तू पठारावर आहेस. तिसरा दिवस संपत आला. बैलांच्या जिभा बाहेर आल्या आहेत."

"तसाच दक्षिणेले चालतो."

दक्षिणेचं घर कोरं होतं. त्याच्या खालचंही कोरं. ताई त्या कोऱ्या घराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "समोर विहीर दिसते. बांधीव आहे. पाणी अगदी वरपर्यंत."

रंजितानं टाळी वाजवली. माझे डोळे भरून आले. देवाशप्पथ, त्या क्षणी ती बाई मला देवासारखी वाटली.

इंद्रजीतनं चेहरा ताईंच्या आवाजाकडे वळवला. त्यानं विचारलं, "कोनं बांधली?"

"म्हणजे?"

"तिथं कोनी राह्यत नाही म्हने तुमी. विहीर बांधाले मानूस लागते, ताई." तो दम घ्यायला थांबला. "शाईनं हाये का थे?"

ताईंना हो म्हणता येईना. ज्या बाईनं माझ्या सरदाराला तीनदा मारताना पापणी हलवली नव्हती, ती आता नुसती कागदाची कड मुडपत होती.

"डाक्टर काय म्हनला तुमाले?" त्यानं विचारलं.

 उत्तर त्याला त्या विहिरीतच मिळालं होतं. आमच्यापैकी दुसऱ्या कुणी विहीर खोदली असती तर त्याला काही कळलं नसतं.

"पुसा थे विहीर," तो म्हणाला. "मले खरं पाह्यजे. पूर्वेले वळतो."

ताईंनी बोट पूर्वेच्या घरावर नेलं आणि त्या एकदम ताठ झाल्या. तिथं खडकाची खूण होती आणि खडकाखाली निळ्या शाईचा बारीक झरा. शाई जुनी, जराशी विटलेली.

"झरा आहे! इंद्रजीत, खरंच झरा आहे! दोन वर्षांपूर्वी काढलाय मी, शाईनं, मीच विसरले होते!"

तो हसला. लहान मुलाचं म्हणणं मान्य करताना हसतात तसा. "बरं ताई."

"अरे, खरंच!" त्यांनी तो कागद उचलून त्याच्या डोळ्यांसमोर धरला. त्याला दिसत नाही हेही विसरल्या. "बघ ना, हा बघ!" आवाज इतका चढला की नर्स धावत आली.

"मी पाहून राह्यलो लेका," मी ओरडलो. "आहे झरा!"

"तू बी लय चांगला हायेस, साकेत."

"भिया, हाये रे," रंजिता रडत म्हणाली. त्यानं चाचपडत तिचा हात शोधला आणि थोपटला.

"आज इथंच बांधतो बैल," तो म्हणाला. "थकले."

मंगळवारी सकाळी तो गेला.

पंधरा दिवसांनी मी रंजिताला घेऊन ताईंकडे गेलो. ताई फार खंगल्या होत्या. दारातच म्हणाल्या, "मी एकदाच खोटं बोलले रे, आणि नेमकं त्याच्याशी." मी काहीतरी समजूत घातली, पण ती मलाच पटली नाही. रंजितानं नकाशा मागितला. ओसरीत पसरून तिनं पूर्वेचं घर शोधलं आणि झऱ्यावर बोट ठेवलं.

"मंग पोचला असता ना तो?" तिनं विचारलं.

"पोचला असता," ताई म्हणाल्या.

रंजिताचं बोट त्या निळ्या शाईवरच होतं. तरी तिनं मान वर केली आणि हे खरं आहे का म्हणून माझ्या तोंडाकडे पाहिलं. ताईंनी ते पाहिलं आणि त्या उठून आत गेल्या.