छपरावरची शेळी

धडककाका काय काम करतात हे कळलं की लोकांना त्यांचा हेवाच वाटे. दिवसभर व्हिडिओ गेम खेळायचे आणि वर पगार घ्यायचा! काकांनी समजावून सांगणं कधीच सोडून दिलं होतं. खेळतात ते दुसरे. काका भिंतींना धडका मारत. म्हणजे गेममधल्या माणसाला प्रत्येक भिंतीवर, कुंपणावर, बंद दारावर नेऊन आदळायचं आणि तो कुठून आरपार जातो का ते बघायचं. एकच जिना सरळ उतरायचा, उलटा उतरायचा, उड्या मारत उतरायचा. काही वेडंवाकडं घडलं की रिपोर्ट लिहायचा: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. टेस्टिंगच्या खोलीत सगळी हेडफोन लावलेली पोरंपोरी, आणि त्यांच्यात हे पन्नाशी उलटलेले गृहस्थ, कमरेमागे घरून आणलेली उशी घेऊन.

काकूंचं मत लोकांपेक्षा वेगळं नव्हतं. सकाळी काकांची घाई सुरू झाली की त्या म्हणत, "अहो, खेळायलाच तर जाताय. जरा उशिरा गेलात तर काय आभाळ कोसळणार आहे?" संध्याकाळी मात्र कामाबद्दल चकार शब्द नाही. मुलगी नोकरीसाठी दूर गेल्यापासून जेवताना दोघांत बोलण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. मीठ द्या, पंखा कमी करा, संपलं.

मग शेळी आली.

नव्या गेममध्ये एक शेत होतं आणि कुंपणात एक शेळी. तिनं गवत खायचं, एवढंच तिचं काम. काका सवयीनं कुंपणाला धडकले, तर बया कुंपणातून आरपार बाहेर आली आणि त्यांच्या मागोमाग चालू लागली. काका बाजारात, तर ही बाजारात. काका एका घरात शिरले, तर ही त्या घराच्या छपरावर जाऊन उभी. त्या दिवशी जेवताना काकांनी सहज सांगितलं, तर काकू हातात घास धरून हसत सुटल्या.

"छपरावर? अहो, पण चढली कशी?"

"तेच तर मला शोधायचंय!"

दुसऱ्या दिवसापासून काका पायातले बूट काढायच्या आत प्रश्न येऊ लागला, "आज कुठे गेली होती?" आणि काका तिखटमीठ लावून सांगू लागले. जेवणं लांबली. एकदा तर भाजी गार झाली तरी दोघांना पत्ता नाही.

पण रिपोर्ट? काकांनी आजवर एकही चूक लपवली नव्हती. ही मात्र ते रोज उद्यावर ढकलत होते. लिहिलं की शेळी कुंपणात जाणार, आणि घरचं बोलणं पुन्हा मिठावर येणार. स्वतःची लाज वाटायची, तरी हात धजत नव्हता.

एक दिवस शेळी त्यांच्यामागून नावेत चढली, आणि नाव जागची हलेना. उतरताही येईना. गेम तिथंच ठप्प. इथवर कष्टानं पोचलेली कोण कुठली माणसं, त्यांना सगळं पहिल्यापासून खेळावं लागणार! आता मूग गिळून बसणं म्हणजे बेइमानी होती. काकांनी रिपोर्ट लिहिला. कुंपण, छप्पर, नाव, सगळं.

"एवढी जीव लावून मागे फिरत होती, आणि तुम्ही तिची चहाडी केलीत?" काकू म्हणाल्या.

"अगं, कामच आहे ते माझं."

"असेल." त्या ताटं उचलून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी बूट निघाले, जागेवर गेले, प्रश्न आला नाही. काकांना घर फार मोठं वाटलं.

रिपोर्ट गेला होता चष्मेवाल्या प्रोग्रामर मुलीकडे. तिचं आणि काकांचं नेहमीच वाजत असे. काकांनी चूक दाखवली की तिचं ठरलेलं उत्तर यायचं: 'ही चूक नाही. असंच अपेक्षित आहे.' या वाक्यानं काकांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. जिन्याची शेवटची पायरी हवेत तरंगते, आणि म्हणे असंच अपेक्षित आहे!

या वेळचं उत्तर आलं: 'नाव दुरुस्त केली. शेळी आता नावेत चढणार नाही, किनाऱ्यावर थांबेल. कुंपण आणि छप्पर: ही चूक नाही. असंच अपेक्षित आहे.'

काकांनी ते पुन्हा वाचलं. मग उठून थेट तिच्या टेबलाशी गेले.

"आज भांडायचं नाही हं काका," ती मान वर न करता म्हणाली. "छपरावर उभी बघितली मी तिला. खाली उतरवायला हातच धजेना."

काका भांडले नाहीत. जागेवर येऊन त्यांनी गेममधली नाव पाण्यात सोडली, पलीकडे गेले, परत आले. शेळी तिथंच उभी होती. उतरले तशी मागे चालू लागली. काकांनी डोळे पुसले आणि रिपोर्टवर लिहिलं, 'तपासलं. बरोबर आहे.'

घरी काकू मुकाट्यानं वाढत होत्या.

"आता नावेत चढत नाही ती," काका म्हणाले.

काकूंचा हात थांबला. "म्हणजे कोंडली?"

"छे! किनाऱ्यावर उभी राहते. मी परत येईपर्यंत."

जेवण झालं, ओटा पुसून झाला, आणि मग त्या दारात येऊन म्हणाल्या, "उद्या सकाळी उशीर करू नका. ताटकळत असेल ती."