आवस एकटी हाय

आमच्या आरोग्य उपकेंद्रातल्या बाकावर काका कधी नीट बसलेच नाहीत. एक पाय आत, एक दाराबाहेर. "बाय, जरा पटकन बघा. आवस एकटी हाय."

आवस म्हणजे त्यांची आई, नव्वदीपार. काका स्वतः सत्तरीचे. आईला उचलून न्हाणीत नेता-आणता त्यांचा हर्निया वाढत चालला होता. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, वर तीन महिने वजन उचलायचं नाही म्हणाले.

"मग आवशीला काय चालत जा सांगू?" काका मलाच विचारून हसले.

धाकटा भाऊ मुंबईत. गणपतीला आला तो चाकांची खुर्ची घेऊन. आता सांगा, आमच्या वाडीच्या पाखाडीला पायऱ्या साठ, त्या खुर्चीने उतरायच्या कशा? खुर्ची पडवीत राहिली आणि तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या. पाच दिवसांनी भाऊ परत गेला.

देवाला गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत आहे. आपण मागणं सांगायचं, गुरवाने ते देवापुढे मोठ्याने बोलायचं. शिमग्यात काका नारळ घेऊन उभे राहिले. त्यांचं मागणं ऐकून गुरवाची जीभच उचलेना. शेवटी काका स्वतःच बोलले, "माज्या आदी आवशीला ने, म्हाराजा."

सगळा गाव तुटून पडला. पोटचा पोर आईचं मरण मागतो म्हणजे काय! भावाने फोन करायचं सोडलं. दुसऱ्या दिवशी मीही त्यांना चांगलं झापलं. त्याची मला आजही लाज वाटते.

काका शांतपणे म्हणाले, "मी गेल्यावर तिला पानी कोन पाजनार, बाय? तुमी?"

मी रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत बसले.

पावसाळा सरता सरता काकांचं आतडं हर्नियात अडकलं. चौघांनी उचलून पाखाडीवरून खाली आणलं, पण रिक्षा रत्नागिरीला पोचायच्या आधीच काका गेले.

म्हातारीला कुणी सांगितलं नाही. भाऊ दिवस करून गेला, काही सोय बघतो म्हणाला. शेजारणी आळीपाळीने पेज नेत होत्या. पण भातकापणी सुरू झाली, त्यांना तरी किती जमणार? एका दुपारी मीच गेले. चमचा पुढे केला तर तिने ओठ घट्ट मिटले.

"लेक जेवला काय माजा?"

"जेवला," मी म्हटलं.

तिने तोंड उघडलं.