बोंबीलचं दही आज पोचल्यावर

मंडळी, बोंबील आज मुलुंडहून मालाडला ताईकडे गेला आणि एकदाही उलटी नाही. मी अजून हवेतच आहे यार.

बोंबील म्हणजे आमचा कुत्रा. गाडीत बसला की पवई यायच्या आत सीटची वाट लागायची. त्यात घरातून कोणीही निघालं की आई हातावर दही-साखर ठेवते, आणि बोंबीलला तर वाटीभर दही.

डॉक्टर म्हणाले, निघण्याआधी तीन-चार तास खायला नको, पाणी चालेल, काच जराशी उघडी ठेवा. आई माझ्यावरच उखडली. "उपाशी नेतस त्याका?" शेवटी दही डब्यात भरून मांडीवर घेऊन बसली.

पवई आली आणि गेली. साहेब काचेच्या फटीला नाक लावून निवांत.

ताई सवयीने बादली आणि जुने पेपर घेऊन गेटवर उभी होती. बोंबीलने सरळ तिच्या अंगावर उडी मारली. जरा वेळाने आईने डबा उघडला, त्याने चाटून पुसून साफ केला.

संध्याकाळी परत निघताना ताई त्याच्यासाठी दह्याची वाटी घेऊन आली. आईने हात धरला तिचा. "उपाशीच जांवदे त्याका."

तुमच्या घरी कुत्र्या-मांजरापायी कोणी असा हट्ट सोडलाय का?