पुडीतला सल्फाइट

आमच्या बऱ्हाणपुरातल्या कॉलेजात पदार्थ ओळखणारं इन्फ्रारेड यंत्र चालवणारा तो माणूस नमुन्याची पूड घोटताना श्वास रोखतो. तोंडची वाफसुद्धा आलेखात उतरते म्हणे. शहराबाहेरचा कारखाना नाल्यात सल्फाइट हे रसायन सोडतो, असं पत्रक आम्ही कार्यकर्ते छापून मोकळे झालो होतो. पुराव्यासाठी नाल्याकाठचा पांढरा थर मी कागदाच्या पुडीत त्याच्याकडे नेला.

आलेख पाहून तो म्हणाला, "भाऊ, ही खूण सल्फेटची आहे, सल्फाइटची नाही."

"म्हणजे कारखाना साफ?"

"तसं कुठं म्हटलं? पुडी आठ दिवस उघडी ठेवली ना तुम्ही? हवा लागली की सल्फाइटचं सल्फेट होऊन जातं."

"मग तसंच लिहून द्या ना!"

"आधी काय होतं, ते मला नाही दिसलं. दिसलं तेवढंच लिहीन."

"तुम्हीपण बिक गये, सर!" मी ओरडलो.

तो रागावला नाही. रविवारी सुट्टी असूनही तो माझ्यासोबत नाल्यावर आला, पँट दुमडून घाण पाण्यात उतरला आणि कारखान्याच्या पाइपाखालचा ओला गाळ बाटलीत काठोकाठ भरून त्यानं झाकण घट्ट लावलं.

"आता जे निघेल ते मान्य करायचं, भाऊ."

मला लगेच हो म्हणता आलं नाही.