गेटवरचं मशीन वाजलं तेव्हा

मी बदनापूरहून रोज सकाळच्या रेल्वेनं जालन्याला जायचे. एमआयडीसीतल्या एका सळईच्या कारखान्यात केमिस्ट होते. भट्टीतून वितळलेल्या लोखंडाचा चमचाभर रस काढून त्यात कार्बन किती, गंधक किती ते सांगायचं, हे माझं काम. त्याशिवाय गेटवरच्या दोन खांबांचं एक मशीनही माझ्याच गळ्यात पडलं होतं.

आमच्या भट्टीत भंगार वितळायचं आणि त्यातलं बरंचसं परदेशातून कंटेनरमधून यायचं. कुठल्या तरी देशातल्या पाडलेल्या कारखान्यांचे खांब, मोटारींचे सांगाडे, पाइप. त्यात चुकून एखादा किरणोत्सर्गी तुकडा आला आणि वितळला, तर तयार सळईपासून भट्टीवरच्या माणसांपर्यंत सगळ्यांना धोका. म्हणून प्रत्येक गाडी गेटवरच्या त्या किरणं ओळखणाऱ्या खांबांमधून जायची. मी तिथं असेपर्यंत मशीन खरोखरीचं कधीच वाजलं नव्हतं.

त्या वर्षी आम्ही सगळे भीतीतच होतो. ज्या देशांतून भंगार यायचं, ते देश आता ते स्वतःसाठीच राखून ठेवायला लागले होते. कोळशाच्या जुन्या भट्ट्या मोडून तेही आमच्यासारख्या विजेच्या भट्ट्या लावत होते, म्हणजे त्यांनाही भंगारच लागणार. दुसरीकडून बाहेरचं स्वस्त पोलाद बंदरावर उतरत होतं. मॅनेजर साहेब सकाळी मोबाइलवर कुठल्या कुठल्या देशांच्या बातम्या वाचायचे आणि त्यांचा चेहरा बघून आम्ही ओळखायचो, आजचा दिवस कसा जाणार. शेजारच्या कारखान्याची चिमणी दोन महिने थंड होती. तिथली माणसं आमच्या गेटवर येऊन काम विचारायची. मी मान खाली घालून आत जायचे.

त्या दिवशी आमच्या यार्डात भंगार इतकं कमी उरलं होतं की खालची माती दिसत होती. बंदरावरून निघालेला ट्रेलर आदल्या दिवशीच यायला हवा होता. तो साडेदहाला आला. पुढचं चाक खांबांमध्ये शिरलं आणि मशीन कर्कश वाजायला लागलं.

"मॅडम, बिघडलं वाटतं," वॉचमन म्हणाला.

मी गाडी मागे घ्यायला लावली. पुन्हा आणली. पुन्हा वाजलं. तोवर मॅनेजर साहेब धावत आले.

"जल्दी घ्या आत. भट्टी रिकामी पडायला आली आहे."

"साहेब, दोनदा वाजलं. मी नाही घेऊ शकत."

"उन्हात हे मशीन काहीही करतं. आज माल गेला नाही तर भट्टी बंद करावी लागेल. एकदा बंद झालेली भट्टी हल्ली पुन्हा कधी पेटते, बघताय ना तुम्ही?"

"आणि आतला तुकडा वितळला तर?"

त्यांनी घड्याळात पाहिलं.  मलाही शंका आली. मशीनच चुकत असेल तर? माझ्या हट्टापायी भट्टी बंद पडली, तर संध्याकाळी भट्टीवरच्या माणसांच्या तोंडाकडे मी कशी बघणार होते?

सगळ्यांना पाण्याच्या टाकीपाशी जायला सांगितलं. ड्रायव्हरलाही खाली उतरवून तिकडं पाठवलं. किरणं मोजायचं, हातात धरायचं छोटं मीटर घेतलं आणि कंटेनरच्या एका बाजूनं चालत गेले, दुसऱ्या बाजूनं परत आले. मीटर शांत. केबिनचं दार उघडून सीटवर धरलं, तिथंही काही नाही. मला काहीच कळेना.

"काय निघालं काय, ताई?"

ड्रायव्हर माझ्या पाठीशी येऊन उभा राहिला होता. मी वळले आणि हातातलं मीटर तडतडायला लागलं. मी झटकन दोन पावलं मागे सरले.

"याच्याच खिशात कायतरी हाय!" टाकीपाशी वॉचमन ओरडला.

ड्रायव्हर शहागडचा होता. पन्नाशीचा, उंच, कमरेत थोडा वाकलेला. त्यानं घाईघाईनं खिसे उलटे केले. तंबाखूची पुडी, किल्ली, रुमाल, घडी घातलेले दोन कागद. सगळं त्यानं जमिनीवर ठेवलं आणि लांब झाला. मीटर त्या वस्तूंवर गप्प राहिलं, त्याच्यावर मात्र वाजत राहिलं.

"म्या काय केलं न्हाई, ताई. कशालाच हात लावला न्हाई," तो म्हणाला. 

कागदावर वर एका दवाखान्याचा शिक्का दिसत होता. माझ्या डोक्यात तेव्हा कुठं प्रकाश पडला.

"काका, एवढ्यात दवाखान्यात गेल्ता का?"

त्यानं आधी टाकीकडं पाहिलं, मग हळू आवाजात सांगितलं, "काल. संभाजीनगरला. गाडी बायपासला लावली अन् गेल्तो. लई दिवसांपासून कंबर दुखून राह्यली. त्यांनी सुई दिली, मंग मशीनखाली झोपवून हाडांचे फोटो काढले. मालकाला सांगितलं टायर फुटलं म्हणून. कळलं तर गाडी काढून घेतील हातातली."

त्या सुईतून अगदी थोडं किरणोत्सर्गी औषध देतात. एक-दोन दिवसांत ते आपोआप संपतं. मी पुस्तकात वाचलं होतं, तरीही मी मागे सरले होते.

आमच्या कारखान्यातल्या एका ड्रायव्हरनं ट्रेलर खांबांमधून नेला. मशीन वाजलं नाही. मॅनेजर साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला, क्रेनवाल्याला हाका मारल्या आणि काही मिनिटांत सगळे कामाला लागले. भट्टी वाचली होती. ड्रायव्हर लिंबाखाली एकटाच बसला होता. वॉचमननं त्याचा चहा हातभर लांब जमिनीवर ठेवला आणि मागे फिरला. मी माझा चहा घेऊन त्याच्याशेजारी जाऊन बसले.

"मला नोंदवहीत कारण लिहावं लागेल, काका. आजार नाही लिहीत. नुसतं ड्रायव्हरची दवाखान्यात तपासणी झाली एवढंच."

"लिहा. तुमची बी नोकरी हाय." मग थांबून त्यानं विचारलं, "घरी नात हाय, दीड वर्षाची. तिला घेऊ का न्हाई?"

"आज नको. उद्या संध्याकाळी घ्या, बिलकुल काही होत नाही."

त्यानं मान हलवली. हाडांचे फोटो कशासाठी काढले असतील हे त्यानं विचारलं नाही, मीही बोलले नाही.

नोंदवहीतली ती ओळ ट्रान्सपोर्टवाल्यापर्यंत, म्हणजे काकांच्या मालकापर्यंत गेलीच. त्यानं काकांना लांबच्या फेऱ्यांवरून काढलं. मला वाटलं होतं, मॅनेजर साहेब हात झटकतील. पण त्यांनी स्वतः फोन करून काकांना जालन्यातल्या जालन्यात, गोदामापासून आमच्यापर्यंतच्या फेऱ्यांवर घ्यायला लावलं. "त्या दिवशी तुम्ही ऐकलं नाहीत ते बराबर केलंत," एवढंच ते मला म्हणाले.

दोन आठवड्यांनी काकांनीच मला सांगितलं. कॅन्सर हाडात उतरला होता. उपचार सुरू झाले. ते उन्हाळाभर गाडी घेऊन येत राहिले, दर खेपेला थोडे बारीक झालेले.

दिवाळीच्या आधी आमची एक भट्टी बंद झाली. माल मिळेना, मिळाला तर सळईला गिऱ्हाईक मिळेना. गाड्या कमी झाल्या, काकांचंही येणं थांबलं. मी दुसऱ्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले. तिथलेही साहेब सकाळी मोबाइल बघतात.

मधून मधून मी शहागडला फोन लावते. काकांची सून उचलते. "झोपलेत, ताई," म्हणते. मागच्या वेळी तिच्या आवाजामागून त्यांचं खोकणं ऐकू आलं, मग नातीचं हसणं. मी विचारलं, बरं आहे ना सगळं? ती म्हणाली, "हाय तसंच हाय." आणि फोन ठेवू का म्हणाली.