काळी गोटी कोणाची

वर सभागृहात गोट्या पडत होत्या. टक. थोडं थांबून पुन्हा टक. खाली तळघरातल्या स्वयंपाकघरात ओल्गा टिम्को ओट्याला टेकून उभी होती आणि छताकडे बघत मोजत होती.

शेल गॅप गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात नवा सभासद घ्यायची ही रीत. एक लाकडी पेटी सगळ्यांपुढून फिरते. पेटीला समोर भोक असतं, मनगटापर्यंत हात जाईल एवढं. आत पांढऱ्या आणि काळ्या गोट्या. हात घालायचा, एक उचलायची, मागच्या खणात सोडायची. पांढरी म्हणजे ये. काळी म्हणजे नको. तीन काळ्या पडल्या की अर्ज गेला. कोणी कुठली टाकली हे विचारायचं नाही. बापानेही मुलाला विचारायचं नाही. ज्याचा अर्ज असेल त्याने तोवर खाली थांबायचं. हे साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. आजवर खाली थांबलेले सगळे पुरुष होते.

बायका तशाही खालीच असत. ईस्टरआधीच्या उपवासात दर गुरुवारी वीस-बावीस जणी इथे जमत. पीठ मळायचं, बटाट्याचं सारण भरायचं, पिरोगीच्या, म्हणजे त्या उकडायच्या करंजीच्या, कडा बोटांनी चिमटायच्या. शुक्रवारी सगळं गाव येऊन विकत घेऊन जाई. वर उभा असलेला लाल बंब त्या पिरोग्यांच्या पैशांवर आला होता. बंबाच्या दारावर सोनेरी अक्षरांत सात संस्थापकांची नावं होती. त्यातल्या एकालाही पिरोगी चिमटता येत नव्हती.

पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरात कोळशाच्या खाणी बंद पडल्या, तेव्हापासून पुरुष चाळीस मैलांवरच्या कारखान्यांत जात. दिवसा भोंगा वाजला की बंब काढायला माणूस नसे. ओल्गा शाळेची बस चालवायची. सकाळी एक फेरी, दुपारी एक, मधला वेळ मोकळा. गेल्या नोव्हेंबरात भर बाराला भोंगा वाजला. दलाच्या हॉलवर फक्त म्हातारा वासिल होता, खाणीची धूळ छातीत घेऊन खोकत बसलेला. ओल्गाने बंब काढला. गवत पेटलं होतं, ते विझलं. संध्याकाळी दलप्रमुख टेड मिकुलाने तिची पाठ थोपटली.

"शाब्बास पोरी!"

पोर चाळीस वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी पोरीने अर्जाचा कागद मागितला.

"थट्टा करतेस ना?" टेड म्हणाला.

"पेन दे."

गावाला चघळायला विषय मिळाला. टीव्हीवर त्या समान हक्कवाल्या बायका मोर्चे काढतात, त्यांचं वारं लागलं हिला, असं लोक म्हणू लागले. ओल्गा कुठल्या मोर्चाला गेली नव्हती. बस सोडून जाणार कशी? गुरुवारी पीठ मळता मळता हेलन ब्रेझिना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या नवऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचंय वाटतं बंबात."

"तुझ्या रॉयच्या तोंडाला कांद्याचा वास येतो, हेलन. मी खिडकीशी बसेन."

सगळ्या हसल्या. हेलन हसली नाही. ओल्गाची सासू सुझानाही हसली नाही. पिरोगीच्या टेबलाचा सगळा कारभार तिच्या हाती होता.

"तू वर गेलीस तर कडा चिमटणार कोण?" एवढंच ती म्हणाली.

एकतीस. वर टकटक थांबली. खुर्च्या सरकल्या. जिन्यावर टेडचे बूट दिसले, मग टेड.

"चार पडल्या गं," तो म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

एकतिसांत चार. त्या दिवसापासून ओल्गाचं डोकं ठिकाणावर राहीना. चर्चमध्ये ती प्रार्थनेला जोडलेले हात बघायची. दुकानात सुटे पैसे देणारा हात, पेट्रोल भरणारा हात. याने? की त्याने? बस चालवताना एकदा थांबा चुकला, मुलं ओरडली. नवरा लेन त्या एकतिसांतच होता. अठरा वर्षं दलात. त्याला विचारायचं नाही, ही रीत. तिसऱ्या सकाळी तिने रीत मोडली.

"लेन, तुझी कुठली?"

"पांढरी," तो म्हणाला. तो बुटाची नाडी बांधत होता. बांधून झालेली नाडी त्याने सोडली आणि पुन्हा बांधली.

पुढच्या गुरुवारी एक वाजता भोंगा वाजला. टेबलाभोवतीचे सगळे हात थांबले. वासिल भिंत धरून जिना अर्धा उतरला.

"ओल्गा! चर्चमागचं घर. वरच्या खिडकीतून धूर येतोय."

ओल्गा हलली नाही. तिच्या तळहातावर अर्धी मिटलेली पिरोगी होती.

"मी सभासद नाही, वासिल. चौघांनी सांगितलंय तसं."

"आता हे काय काढलंस..." त्याला खोकल्याची उबळ आली.

हेलनने मान खाली घातली. मग सुझाना उठली. तिने सुनेच्या हातातली पिरोगी काढून घेतली.

"रुसायचं असेल तर आल्यावर रूस. ऊठ."

"आई, तुम्हीच तर..."

"मी काय म्हणाले ते मला माहीत आहे. बाळ आहे त्या घरात. ऊठ म्हणते ना!"

ओल्गा उठली. पीठ लागल्या हातांनीच तिने बंब काढला. मागे पाइप सोडायला हेलन आणि आणखी दोघी चढल्या, कोणी न सांगता. बाळ घेऊन आई आधीच अंगणात उतरली होती. वरची खोली जळत होती. शेजारच्या गावाचा बंब येईपर्यंत त्या चौघींनी पाणी मारलं. ओल्गा जिन्यावर पाच पायऱ्या चढली, सहावी तापलेली होती, तिथून मागे आली. खोली गेली. घर राहिलं.

चार वाजता लेन कारखान्यातून थेट हॉलवर आला. ती अंगणात पाइप धूत होती. बसची दुपारची फेरी तिच्या बहिणीने मारली होती. लेनने तिच्या काजळी लागलेल्या तोंडाकडे बघितलं आणि तो बंबाच्या पायरीवर बसला.

"आत शिरली होतीस?"

"पाच पायऱ्या."

"हेच. हेच मला माहीत होतं." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "काळी माझी होती. एक."

पाइपमधून पाणी वाहत राहिलं. तिने ते बंद केलं नाही.

"तू बाहेर उभी राहणाऱ्यातली नाहीस," तो म्हणाला. "तू आत जाणार. मी खाली उभा राहून बघू?"

"अठरा वर्षं तू आत जातोस. मी काय करते? घरात बसून भोंगा ऐकते. तेव्हा माझ्या हातात कुठली काळी गोटी असते रे?"

"आणि वरून मला पांढरी सांगितलीस. तोंडावर."

"चुकलं."

"मला सांगून काय उपयोग? वर जाऊन सांग."

तो चमकला. ओल्गाने दलाची नियमांची पुस्तिका बसमध्ये बसून दोनदा वाचली होती. फेटाळलेला अर्ज वर्षभर पुन्हा आणता येत नाही. एकच पळवाट आहे. काळी टाकणाऱ्याने भर सभेत उभं राहायचं, ती माझी होती म्हणायचं आणि पेटी पुन्हा फिरवा म्हणून मागायचं. दल स्थापन झाल्यापासून हे कोणी केलेलं नव्हतं. केलं असतं तर त्याच्या शेजारी बसून कोणी बिअर प्यायलं नसतं.

"ओल्गा, ते लोक मला..."

"हो," ती म्हणाली. "मला जे करतात तेच."

नंतरचे अकरा दिवस दोघं घरात पाहुण्यासारखी वागली. तो उभा राहणार की नाही, हे तो बोलला नाही. तिने विचारलं नाही. रात्री वाढलेलं ताट तो अर्ध्यावर सोडायचा.

सभेच्या सोमवारी ती स्वयंपाकघरात उतरली नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवर, दाराआड उभी राहिली. आत टेडने मागच्या सभेचं टिपण वाचलं. नव्या हातमोज्यांवर बोलणं झालं. जुन्या पंपावर फार वेळ बोलणं झालं.

"आणखी कोणाला काही?" टेडने विचारलं.

वासिलचा खोकला. ओल्गाने दाराची मूठ धरली आणि सोडली.

"काही नसेल तर मग..."

खुर्ची सरकली.

"ओल्गाच्या अर्जाचं," लेनचा आवाज आला. तो त्याच्या नेहमीच्या आवाजासारखा नव्हता. "एक काळी माझी होती. मत बदललंय. पेटी पुन्हा फिरवा."

कोणीतरी शीळ घातली. रॉय ब्रेझिना म्हणाला, "घरी जेवायला मिळत नाही वाटतं, लेन?"

"मिळतं. घशाखाली उतरत नाही."

दोघे-तिघे हसले. टेडने टेबलावर हात आपटला आणि पेटी आणायला सांगितलं.

टक. टक. ओल्गाने न मोजायचं ठरवलं होतं. तरी ती मोजत होती. एकविसाव्याला कोणाचा तरी हात आत फार वेळ राहिला. पंचवीस. तीस. एकतीस. मग खण उघडल्याचा आवाज, आणि टेड कोणाशी तरी हलक्या आवाजात बोलला. पुन्हा मोज, असं काहीतरी.

दार आतून उघडलं. टेड समोर होता. ती जिन्यात उभी आहे हे बघून तो क्षणभर थबकला.

"दोन," तो म्हणाला. "ये आत."

ती आत गेली. कोणीतरी एक जाड कोट तिच्या खांद्यावर टाकला. कोट पुरुषाच्या मापाचा होता, बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या. तिने त्या दुमडल्या. नव्या सभासदाने रांगेने सगळ्यांशी हात मिळवायचा असतो, म्हणून सगळे रांगेत उभे राहिले. वासिलने तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि डोळे पुसले. पुढे टेड. पुढे रॉय, त्याचा हात कोरडा आणि घट्ट होता. हाच का, असं तिच्या मनात आलं. पुढच्याचा हात धरला. पुन्हा तेच. धुरात शिरताना पाठीमागे पाइप धरून यांच्यातलाच कोणीतरी असणार होता.

"अभिनंदन, ओल्गा," तो माणूस म्हणाला, आणि त्याने दुसरीकडे बघितलं.

ती पुढच्या हाताकडे वळली. रांग अजून बरीच होती. अगदी टोकाला लेन उभा होता.